इस्त्रीवाल्याच्या गल्लीतले बारा फोटो

तुम्ही खोटं लिहिलंत.

निळ्या शाईत, तीन सह्या आणि गोल शिक्का मारून खोटं लिहिलंत. "छायाचित्रकाराने कॅमेऱ्यात फिल्म उलटी भरली. त्यामुळे एकही चित्र उमटले नाही. सबब इमारतीच्या धोक्याची कचेरीस कल्पना येऊ शकली नाही." तीन वाक्यं. सात मेलेली माणसं तुम्ही ह्या तीन वाक्यांखाली पुरलीत आणि वर दगड म्हणून एका अडुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याला ठेवलंत.

म्हाताऱ्याने ते मान्यही करून टाकलं, हे तुमचं नशीब. त्याच्या दुकानात तहिया रिझ्क शिरली, तिथे तुमचं नशीब संपलं.

तो एप्रिलमधला सोमवार होता. वाळवंटातून येणारा खमसीनचा वारा दुसरा आठवडा लागला तरी थांबायला तयार नव्हता. अलेक्झांड्रियाच्या खिडक्या धडाधड आपटत होत्या, दातांत वाळू करकरत होती आणि समुद्र असूनही कोणाला समुद्राचा वास येत नव्हता. कॉफी भाजणाऱ्याच्या दुकानावर तहियाच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत दसूकी भोपळ्याच्या बिया फोडत बसला होता. तीस वर्षं त्याने ट्राम चालवली, आता टॅक्सी चालवायचा आणि टॅक्सीत बहुतेक वेळा तहियाच असायची. रुळांवर आयुष्य काढलेला माणूस. समोर दिसेल तेवढंच खरं, अशी त्याची समजूत.

तहियाने अठरा वर्षं विमा कंपनीत जळालेली गोदामं तपासली होती. एकदा एका मोठ्या माणसाची आग खोटी ठरवली, म्हणून नोकरी गेली. तेव्हापासून ती लोकांची कामं घ्यायची.

दार वाऱ्याने उघडलं की माणसाने, ते दसूकीला कळलं नाही. काळ्या कपड्यांतली एक बाई आत आली. करीमान तिचं नाव. प्राथमिक शाळेत शिक्षिका. इस्त्रीवाल्याच्या गल्लीतली इमारत पडली तेव्हा ती पाव आणायला खाली गेली होती. आई वर होती.

"फोटोवाल्या उस्ता फहीमला इमारतीचे फोटो काढायला मीच नेलं होतं," ती म्हणाली. "काल त्याच्याकडे गेले, तर म्हणतो, पोरी, तुझ्या आईला मी मारलं. बाई, मला त्याच्यावर रागावताही येत नाही आणि त्याला माफही करता येत नाही. रात्रंदिवस तेवढंच डोक्यात. त्याने खरंच फिल्म उलटी भरली असेल, तर तसं सांगा. मी सोसेन. पण मला कळलं पाहिजे."

"कचेरी चौकशीची फाईल कधी बंद करतेय?" तहियाने विचारलं.

"बुधवारी. मग आमची तक्रार निराधार. मालक तर आत्ताच म्हणायला लागलाय, खांब भाडेकरूंनीच फोडले."

तहियाने खुर्ची पुढे ओढली. "सुरुवातीपासून सांगा. बारीकसारीक काही गाळू नका."

करीमानने सांगितलं. मालकाने चार मजल्यांवर आणखी दोन चढवले. खालच्या खांबांना भेगा पडल्या. तिने तीन अर्ज केले. तिसऱ्या अर्जावर नगरपालिकेच्या कचेरीने उत्तर दिलं: फोटो आणा. पण कागदावरचे नकोत, त्यात हातचलाखी होते. न धुतलेला रोल आणा, आमचा माणूस आमच्या डार्करूममध्ये धुईल.

"मग इमारत पडायच्या आधीच्या रविवारी मी रोल विकत घेतला. हिरव्या खोक्यातला, परदेशी. उस्ताचे रोल मुदत उलटलेले असतात ना, म्हणून."

"किती घेतलेत?"

"एकच. शिक्षिकेचा पगार आहे हो, बाई."

दसूकी बी फोडता फोडता हसला. तहियाने त्याच्याकडे पाहिलं, तसं हसू आणि बी दोन्ही त्याने गिळलं.

"उस्ताने जिन्याखालच्या सावलीत रोल भरला. मी कोट आडवा धरला होता, वाळू आत जाऊ नये म्हणून. त्याला जवळचं नीट दिसत नाही. कॅमेऱ्याच्या पाठीला एवढीशी लाल काच आहे, तिच्यात आकडा येतो. तो चावी फिरवायचा, मी वाचायचे. आकडा आला की 'थांबा' म्हणायचं. एक ते बारा. दुसरीच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं. बारा फोटो झाले, त्याने रोल काढला, पट्टी जिभेने ओली करून चिकटवली आणि माझ्या हातात दिला. मी तशीच ट्रामने कचेरीत गेले, रविवारी ती उघडी असते. मूठ इतकी घट्ट आवळली होती की उतरले तेव्हा तळहातात दोन चंद्रकोरी उमटलेल्या. एकीतून रक्तही आलं होतं."

"मग?"

"मंगळवारी त्यांनी रोल धुतला. गुरुवारी संध्याकाळी पत्र आलं, रोल कोरा आहे, पुन्हा फोटो आणा. मी धावत उस्ताकडे गेले. तो म्हणाला, उद्या उजाडताच येतो." खिडकी आपटली. "शुक्रवारी तो कॅमेरा गळ्यात घालून गल्लीच्या तोंडाशी पोचला, तेव्हा नुसती धूळ होती."

*

उस्ता फहीम बिशाराचं दुकान बहरी भागात होतं, जाळी विणणाऱ्यांच्या रांगेत. फळी अर्धी लावलेली. आत काचेच्या कपाटात नवऱ्या-नवरदेवांचे, बाप्तिस्म्याचे, खलाशांचे फोटो, आणि मागे स्टुलावर म्हातारा. हात मांडीखाली दाबून बसलेला.

"दुकान बंद आहे," तो म्हणाला.

"फोटो काढून घ्यायला आले नाही मी," तहिया म्हणाली. "तुमच्याकडे पाहायला आले."

"पाहा मग. हे दोन हात." त्याने हात वर काढले. ते पाल्यासारखे थरथरत होते. "ह्यांनी सात माणसं मारली. सबळ पुरावा आहे, सरकारी शिक्क्याचा. सत्तेचाळीस वर्षं रोल भरतोय आणि नेमका तोच उलटा घातला."

"घातलात?"

"आठवत नाही ना! तिथेच तर अडलंय!" तो ओरडला. "कोणाला आठवतं? तुम्ही आज सकाळी बुटाची नाडी कशी बांधली, आठवतं?"

"मी चपला घालतो," दसूकी म्हणाला.

म्हाताऱ्याच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. तहियाला तेवढी फट पुरली.

"त्या रविवारी सकाळी कॅमेऱ्यात काय होतं?"

"बाप्तिस्मा. चर्चमध्ये. माझा जुना रोल. संपवून काढला आणि मग ह्या पोरीबरोबर गेलो."

"जुना म्हणजे कसला?"

त्याने फडताळातून एक डबा काढला. आत आठ-दहा रोल, मळकट कागदात गुंडाळलेले. दोन्ही टोकांना पत्र्याच्या चकत्या. "लष्कराच्या साठ्यातले. चाळीस घेतले होते. माझ्याकडे दुसरं काही नसतंच."

"हिरव्या खोक्यातला याआधी कधी?"

"तो? माझ्या स्वतःच्या लग्नात पण नाही."

"आणि त्या रविवारनंतर शुक्रवारपर्यंत? मध्ये काही काढलंत?"

"ह्या वाऱ्यात? कुत्रं फिरकलं नाही. गुरुवारी संध्याकाळी पोर रडत आली, तेव्हा माझ्यातलाच एक भरला. तो अजून आतच आहे." त्याने कोपऱ्यातल्या फडक्याखालच्या उंचवट्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. "मी हात लावलेला नाही."

"उघडा."

"रोल जाईल."

"जाऊ दे. उघडा आणि माझ्यासमोर नवा भरून दाखवा."

"नाही जमणार मला."

"उस्ता," तहिया खाली वाकून म्हणाली, "बुधवारी ते फाईल बंद करतील आणि मग तुम्ही मरेपर्यंत हात मांडीखाली दाबून बसाल. मला एकदा पाहू द्या. तुम्ही दोषी असाल तर मीच तोंडावर सांगेन. मी गोड बोलायचे पैसे घेत नाही."

मग म्हातारा उठला. फडकं काढलं. चामड्याचा भाता असलेला, घडी होणारा जुना कॅमेरा. त्याने खटका दाबला, पाठ उघडली.

दसूकीही वाकला. आत दोन घरं होती. डाव्या घरात पत्र्याच्या चकत्यांचा रोल, त्याचा कागद मधली खिडकी ओलांडून उजव्या घरात गेलेला आणि तिथे एका काळ्या प्लास्टिकच्या रिळावर एकदोन वेढे गुंडाळलेला. शिलाईच्या दोऱ्याचं असतं तसं रीळ.

"काळं आहे," तहिया हळूच म्हणाली.

"काळंच दिसणार, ताई, कॅमेरा आतून काळाच असतो," दसूकी म्हणाला.

फहीमने वाया गेलेला रोल सोडवून बाजूला टाकला. डब्यातला नवा उचलला. त्याला बोटं लागली मात्र, थरथर गेली. दसूकीने डोळे चोळले. जणू कोणी पंख्याचं बटण बंद केलं होतं.

"रोल संपतो तेव्हा सगळी फिल्म ह्या उजव्या घरात आलेली असते," तो बोलू लागला, स्वतःशीच, शिकाऊ माणसाला सांगावं तसा. "ती काढून घ्यायची. डावीकडचं रीळ रिकामं झालेलं असतं. ते उचलायचं, उजवीकडे बसवायचं. आता डावं घर मोकळं, तिथे नवा रोल. पट्टी फाडायची. कागदाची जीभ ओढायची, रिळाच्या चिरेत घालायची. छापील बाजू आपल्याकडे. अंगठा ठेवायचा, ढिला पडता कामा नये. दोन वेढे. पाठ बंद. मग चावी, एक आकडा येईपर्यंत."

त्याने डोळे मिटलेले होते. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नाही.

"आणि उलटं घातलं तर?" दसूकीने विचारलं.

"तर कागद भिंगाकडे, फिल्म पाठीकडे. सगळा कोरा." त्याने डोळे उघडले. हात लगेच थरथरू लागले. "हातांना येतं, ताई. पण त्या दिवशी त्यांनी काय केलं, ते हात मला सांगत नाहीत."

"कॅमेरा असाच ठेवा. आतलं काही हलवू नका," तहिया म्हणाली. "बुधवारी घेऊन या."

टॅक्सीत दसूकी म्हणाला, "भरतो तर झक्कास. पण एकदा चुकला असेल. मी पण एकदा ट्राम डेपोऐवजी बाजारात नेली होती."

"रुळांवरची ट्राम?"

"म्हणून तर लोक अजून बोलतात."

*

कचेरीत दोन खिडक्या होत्या आणि दोन्हींमागे एकच माणूस, कारकून शफीक एफेंदी. दम्याचा, बाह्यांना काळ्या गवसण्या घातलेला, पेन्शनीला आठ महिने उरलेला. तहियाने पुढे केलेलं करीमानच्या वकिलाचं पत्र त्याने दोनदा वाचलं, उलटं करून पाहिलं, मग लाखेच्या खुणा असलेलं पाकीट आणलं.

"सगळं आहे," तो अभिमानाने म्हणाला. "आमच्याकडे टाचणी पण नोंदीशिवाय फेकत नाहीत. धुतलेली कोरी फिल्म, एक. कागदी पट्टी, एक. रीळ, एक."

तहियाने रीळ उचललं. काळं, प्लास्टिकचं. तिने ते मेजावर आपटलं. टप्.

"अहो, पुरावा आहे तो!"

"माफ करा. रोल तुम्हीच घेतलात ना, एफेंदी?"

"मीच. रविवार, दुपारी दीड. मास्तरीणबाईंचा हात इतका घामेजलेला की रोल माझ्या हातात येण्याऐवजी निसटला. मेजावरून घरंगळला आणि फरशीवर टण्ण! चहावाला आपला चमचा शोधायला लागला बिचारा." तो खोकत हसला. "उचलला, पाकिटात घातला, लाख, शिक्का. मंगळवारी लुत्फीने माझ्यासमोर लाख फोडली. शिक्का शाबूत होता, मी सही केलीय."

"धुताना तुम्ही आत होतात?"

"त्या भोकात? बाई, मला दमा आहे. पाकीट घेऊन तो एकटा गेला, तासाने कोरी फिल्म टांगून आला."

लुत्फीची डार्करूम तळघरात होती. चाळिशीचा, केस तेलाने चपटे केलेला माणूस. दारातच उभा राहिला, वाट अडवून. त्याच्या खांद्यावरून दसूकीला फळीवर हिरव्या खोक्यांची उतरंड दिसली आणि शेजारी कचेरीचा कॅमेरा, जाडजूड, चकचकीत.

"कोरी म्हणजे काचेसारखी कोरी," लुत्फी म्हणाला. "उलटी भरली, दुसरं काय? त्या म्हाताऱ्यांनी आता कॅमेरे विकून कबुतरं पाळावीत."

"आत नेण्याआधी रोल उजेडात पाहिलात?"

"पाहिला की. व्यवस्थित चिकटवलेला."

"कसा दिसत होता?"

"रोल कसा दिसतो? काळं रीळ, हिरवा कागद, वर पट्टी. आमच्या ह्याच्यासारखाच."

"छान कॅमेरा आहे तुमचा. किती फोटो झाले ते कळतं कसं?"

तो खूश झाला. कॅमेरा उचलून बाजूची चकती दाखवली. "आकडा इथे. आपोआप थांबतो. बघावंच लागत नाही."

"पाठीला काच वगैरे?"

"कशाला?"

वर जाताना जिन्यात इंजिनिअर रिफअत भेटले. वरच्या दोन मजल्यांच्या परवान्यावर त्यांची सही होती आणि फाईल बंद करणाऱ्या समितीवरही तेच होते. असं तुमच्याकडेच चालतं.

"बाई, मेलेल्यांना स्वस्थ पडू द्या," ते म्हणाले.

"ते पडलेच आहेत, साहेब," तहिया म्हणाली. "उभं कोण राहिलंय, ते पाहतेय."

*

बुधवारी समितीच्या खोलीत खिडक्या कागद चिकटवून बंद केल्या होत्या, तरी मेजावर वाळूचा थर होता. इंजिनिअर रिफअत मधल्या खुर्चीत. शफीक एफेंदी फाईल घेऊन उभा. लुत्फी भिंतीला टेकलेला. ह्या बाजूला करीमान, कॅमेरा छातीशी धरलेला आणि रोलचा डबा काखेत मारलेला फहीम, आणि दसूकी, ज्याला आत घेतलं कारण त्याने विचारलंच नाही.

"पाच मिनिटं," रिफअत म्हणाले.

"पुरतील. आधी तुमच्या अहवालातलं पहिलं वाक्य. फिल्म उलटी भरली. करीमान, लाल काचेत काय वाचलंत?"

"आकडे. एक ते बारा."

"लुत्फी, फिल्मच्या मागे कागद असतो. आकडे कशावर छापलेले असतात?"

"कागदावर. बाहेरच्या बाजूने."

"उस्ता फहीमच्या कॅमेऱ्याला चकती नाही. पाठीला काच आहे. फिल्म उलटी घातली, तर कागद कुठे जातो?"

उत्तर दिलं फहीमने. "भिंगाकडे," तो म्हणाला, आणि एकदम उभा राहिला. "भिंगाकडे! मग काचेत आकडा दिसणारच नाही! एकही नाही! अरे देवा, मला कसं सुचलं नाही?"

"कारण शिक्का मारलेला कागद आधी वाचलात तुम्ही. बसा, उस्ता. तुमचे हात सरळच होते."

म्हातारा बसला नाही. त्याने हात डोळ्यांपुढे धरले, अनोळखी माणसाकडे पाहावं तसे.

"मग भिंगामागची झडपच उघडली नसेल," रिफअत म्हणाले. "जुना डबा. कोरी ती कोरीच."

"म्हणजे वाक्य खोटं, हे मान्य. आता फिल्म. एफेंदी, पाकिटातलं रीळ इथे ठेवा." काळं रीळ मेजावर आलं. "उस्ता, पाठ उघडा. उजव्या घरातलं रीळ कागद सोडवून काढा आणि इथे ठेवा."

दुसरं काळं रीळ पहिल्याच्या शेजारी बसलं. हुबेहूब.

"दसूकी, गॅसचा सिलिंडर घरी कसा येतो?"

दसूकी दचकला. "भरलेला येतो. रिकामा परत जातो."

"ह्या कॅमेऱ्यातही रिकामं फुकट जात नाही. रोल संपला की त्याचं रिकामं रीळ मागेच राहतं, आणि पुढचा रोल त्याच्यावर गुंडाळून बाहेर पडतो. म्हणजे प्रत्येक रोल आपलं रीळ कॅमेऱ्यात सोडतो आणि आपल्या आधीच्याचं रीळ घेऊन जातो. उस्ताचे सगळे रोल पत्र्याचे. आयुष्यात प्लास्टिकचा एकच आला, करीमानने आणलेला. एकच विकत घेतला होता. त्याचं रीळ त्या रविवारी मागे राहिलं, गुरुवारी उजव्या घरात गेलं, आणि आत्ता तुमच्यासमोर आहे." तिने एका काळ्या रिळावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. "मग हे कोणाचं?"

वाऱ्याने चिकटवलेला कागद फडफडला.

"भेगांचा रोल त्याच्या आधीच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या रोलच्या रिळावर बाहेर पडला. पत्र्याच्या. प्लास्टिकची कड माणसाचा तळहात कापत नाही. करीमान, हात दाखवा." करीमानने मूठ उघडली. बरी होत आलेली बारीक चंद्रकोर.

"ती तक्रारदार आहे. वाटेत तिनेच बदलला असेल," लुत्फी म्हणाला.

"म्हणून तिचं एकटीचं मी धरत नाही. एफेंदी, डोळे मिटा."

तिने पाकिटातलं काळं रीळ फरशीवर टाकलं. टप्. मग फहीमच्या डब्यातला पत्र्याचा एक रोल टाकला. टण्ण.

"हाच!" शफीक एफेंदी डोळे न उघडताच म्हणाला. "चमच्याचा आवाज! हाच वाजला होता!"

"एफेंदीला पत्रा आणि प्लास्टिक ह्यातला भेद ठाऊक नव्हता, म्हणून त्याला खोटं बोलायचं कारणही नव्हतं. पत्र्याचा रोल वाजला, त्यानंतर लाख लागली. लाख त्याच्यासमोरच फुटली, शिक्का शाबूत. म्हणजे लाख फुटली तेव्हा आत पत्राच होता. मग पाकीट घेऊन एक माणूस एकटा तळघरात गेला. परवा तोच माणूस मला म्हणाला, आपण उजेडात पाहिलं, रीळ काळं होतं. पाकिटातून निघालेलं नव्हतंच ते, लुत्फी. तुमच्या फळीवरच्या हिरव्या खोक्यातलं होतं. तुम्ही कोरा करकरीत रोल धुतलात. आणि कचेरीची सवय, रीळ, एक! तेही इमानदारीने पाकिटात टाकलंत."

दसूकीच्या डोक्यात आत्ता कुठे वळण आलं. "म्हणजे फोटो होते," तो म्हणाला. "मंगळवारी धुतले असते तर..."

"तर बुधवारी इमारत रिकामी झाली असती," करीमान म्हणाली. शांतपणे. त्या शांतपणामुळेच लुत्फी भिंतीवरून घसरत खाली बसला.

"मला वाटलं, नुसता वेळ काढायचाय," तो म्हणाला. "आठ दिवस. मजले पाडून घेतो म्हणाले मालकाकडून, बोभाटा नको. मला काय माहीत शुक्रवारीच..."

"कोण म्हणाले?"

"मी जाळला नाही रोल. देवाशपथ. धुतलासुद्धा नाही. तसाच वर दिला. माझ्यासमोर कपाटात ठेवला."

"कोणाच्या?"

लुत्फीने रिफअतकडे पाहिलं, मग त्यांच्या डोक्यावरून छताकडे, वरच्या मजल्याच्या दिशेने. इंजिनिअर रिफअत छताखालीच बसले होते, पण त्यांनी मान वर केली नाही. फाईल मिटली. "बैठक तहकूब," ते म्हणाले. "पुढील आदेशापर्यंत."

*

बाहेर पायऱ्यांवर फहीम थांबला. त्याने डब्यातला एक रोल घेतला, अंगाची सावली केली, पट्टी फाडली, जीभ चिरेत घातली, पाठ बंद केली. वाळू डोळ्यांत जात होती.

"पोरी," तो म्हणाला, "आकडा सांग."

करीमानने वाकून लाल काचेत पाहिलं. तिचा श्वास काचेवर साठला. तिने बाहीने पुसलं. "फिरवा. अजून. थांबा. एक."

त्याने तुमच्या दाराचा फोटो काढला. हात हलला नाही.

त्याला आता काही महिने झाले. लुत्फीची बदली झाली, शफीक एफेंदीची पेन्शन अडली, फाईल तहकूब आहे. ती तीन वाक्यं तुम्ही अजून मागे घेतलेली नाहीत.

पण न धुतलेली फिल्म घाई करत नाही. बारा फोटो आत गुंडाळून बसले आहेत: खांब, भेगा, आणि शेवटच्यात, उस्ताला आता आठवतं, जिन्यात उभी राहून "मला कशाला घेतोस रे" म्हणणारी करीमानची आई. रीळ पत्र्याचं आहे. कपाट हलवाल तर वाजेल.

कोणत्या मजल्यावर, कोणत्या कपाटात, कोणाच्या किल्लीखाली आहे तो रोल? लेखी उत्तर द्या. सही करून.